मागे पायरी आहे

नाचाच्या क्लासमधून फोन आला तेव्हा मी टेबलावर वाकून खिडकीची काच कापत होते. कापणी अर्धी सोडता येत नाही, रेघ मध्येच थांबली की काच तिच्या मनाला येईल तिथे तुटते. म्हणून फोन खांबानं घेतला. खांब म्हणजे माझा नवरा. उंच, सरळ, आणि बोलायची वेळ आली की भिंतीला टेकून उभा राहणारा. तो आमच्या दुकानात कामाला लागला त्याच आठवड्यात माझ्या बाबांनी त्याला हे नाव ठेवलं, आणि पुढे तो जावई झाला तरी ते काही सुटलं नाही.

"नाही जमणार," तो फोनवर म्हणाला. "दुसरीकडे विचारा." आणि ठेवून दिला.

मी रेघ पूर्ण केली, टेबलाच्या कडेवर काच मोडली, हातमोजे काढले आणि विचारलं, "कोण होतं?"

तो कडा घासायचा दगड हातात घेऊन उभा राहिला. त्याची मान ज्या तऱ्हेनं खाली गेली त्यावरून मला काय ते कळलं.

"तिचा होता ना?"

"क्लासच्या भिंतीवरचा एक आरसा तडकलाय," तो म्हणाला. "मधला. मी नाही म्हणून सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? तुला..."

"मला काय झालंय? हात मोडलाय माझा? ती भिंत आपण लावली आहे, तडकलेला आरसा आपल्या दुकानाचा आहे. लाव परत फोन. उद्या सकाळी येतो म्हणावं. दोघं."

मी फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि पुढची काच टेबलावर घेतली. बाबा म्हणायचे, ह्या पोरीच्या नाकावर राग कायमचा भाडेकरू आहे. असेल. पण त्या दिवशी तो राग नव्हता. मला कंटाळा आला होता, आणि माझा कंटाळा रागापेक्षा वाईट असतो.

ती बाई कोण, ते सांगून टाकते. त्यात आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्ही तिच्या क्लासची अख्खी भिंत आरशांनी मढवली, आणि त्यानंतर खांब तिथे क्लिपा आवळायला जायला लागला. आरशाची क्लिप सैल पडली तर आरसा खाली येतो, तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण इतक्या वेळा आवळल्या त्यानं, की भिंत पिळून निघायला हवी होती. मी आपली ज्याला त्याला सांगत होते, आमचा माणूस कामाला किती चोख आहे बघा. मग एका दुपारी तो कपड्यांची बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी तिकडे राहायला जातोय." लेक परीक्षेचा अभ्यास करत होती. तिनं पुस्तक मिटलं नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

कधीपासून चाललंय हे, मी विचारलं. बरेच दिवस झाले, म्हणाला. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "तुला वाईट वाटेल म्हणून."

काही महिन्यांनी त्यांचं फाटलं. का, कसं, मी विचारलं नाही. तो परत आला तो घरी नाही, दुकानात. एका सकाळी मी दुकान उघडायला गेले तर हा बाहेर उभा. मी म्हटलं, "काय पाहिजे?" म्हणाला, "काम." त्या दिवशी मला एका चपलांच्या दुकानाची दर्शनी काच पोचवायची होती, आणि तेव्हा माझ्याबरोबर येणारा माणूस काच अशी धरायचा, जशी काही ती उसनी आणलेली सायकल आहे. मी खांबाला म्हटलं, "मोजे घाल."

तेव्हापासून तो दुकानात येतो आणि संध्याकाळी आपल्या बहिणीकडे झोपायला जातो. घरात पाऊल नाही.

ही बहीण म्हणजे आमच्या वन्सं. मनानं चांगल्या आहेत, पण एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवत नाहीत. "माफ करून टाक ग आता. किती ताणशील? माणूस चुकतो. झालं गेलं विसरून जायचं आणि दार उघडायचं." त्यांच्या हिशेबी माफ करणं आणि दार उघडणं हे एकच काम आहे. त्यात त्यांच्या बैठकीच्या खोलीतली खांबाची गादीही उचलली जाईल हा भाग आहेच, पण तो त्या बोलत नाहीत. दुसरीकडे माझी आई. ती म्हणते, त्याचं तोंडही बघू नकोस, माफीचं नाव काढलंस तर माझ्याकडे येऊ नकोस. म्हणजे तिच्याही हिशेबी ते एकच काम. दोघी मिळून माझं डोकं खातात. लेक तेवढी शहाणी. ती म्हणते, "आई, तुला हवं ते ठरव. पण ठरव."

आणि मला ठरवता येत नव्हतं. मागच्या आठवड्यात खांबानं सरळ विचारलं, "मी घरी येऊ का?" मी उत्तर दिलं नाही. हो म्हणावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. रात्रीच्या जेवणाला समोरची खुर्ची रिकामी असते तेव्हा मला अजून वाईट वाटतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं की आतून काहीतरी टोचायचं. तळहातात काचेचा बारीक कण शिरतो ना, तसं. दुखतं, रक्तही येतं, पण उजेडात कितीही हात फिरवला तरी कण काही दिसत नाही. ती बाई, ती बॅग, तो गल्लीतला बोभाटा, हे सगळं दिसत होतं. ते नव्हतं टोचत. म्हणजे तेही टोचत होतंच, पण खालचं आणखी काहीतरी होतं.

त्यात तो रस्ता. तिचा क्लास ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यावर माझी बेकरी आहे, माझा औषधवाला आहे, माझ्या घड्याळाचा पट्टा बदलून देणारा म्हातारा आहे. वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. घरून दुकानात यायला तो सरळ रस्ता, आणि मी मागून शाळेला वळसा घालून येत होते. पाऊस असो, ऊन असो. चूक ह्यानं केली आणि वळसा मला पडला. कुठल्या तरी टुकार बेकरीचा भुसभुशीत पाव खाऊन लेक एकदा म्हणाली, "आई, आपण शिक्षा भोगतोय का?" ते माझ्या मनाला फार लागलं.

म्हणून मी त्याला परत फोन लावायला सांगितलं. आणि संध्याकाळी तो निघताना म्हटलं, "उद्या आरसा लावून झाला की तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. घरी यायचं की नाही, ते. तोपर्यंत विचारू नकोस."

"आणि वन्संना सांगू नकोस," हेही सांगितलं. त्यांना सांगितलं असतं तर त्या आरशाला टेकू द्यायला आल्या असत्या.

काच वाहण्याचे आमच्या दुकानाचे नियम आहेत, बाबांनी घातलेले. काच हातात असताना बोलायचं नाही. फक्त कामाचे शब्द: पायरी, वळण, उंबरा, थांब. मोठी काच जिन्यावरून न्यायची असली की एक जण वरच्या टोकाला आणि एक खालच्या. दोघांची तोंडं एकमेकांकडे, मध्ये काच. म्हणजे एक जण कायम उलटा चालणार. आणि उलटा चालणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की खांदा वळतो आणि खांदा वळला की काच पिळते. बघायचं काम समोरच्याचं. त्याला जे दिसेल ते त्यानं सांगायचं, आणि उलट्यानं त्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं. वजन खालच्या माणसावर येतं म्हणून खाली नेहमी खांब. त्यामुळे चढताना उलटी मी, आणि उतरताना उलटा तो.

आमचं जमलं ते ह्याच नियमांत. तो नवा होता, मी दुकान शिकत होते. दिवसभर आम्ही एकाच काचेच्या दोन बाजूंना असायचो, तोंडासमोर तोंड, आणि बोलायला बंदी. मग बघण्याशिवाय काय करणार? काच खाली ठेवली की तो म्हणायचा, "मालकीणबाई, आज तुम्ही वळणावर हसलात." मी म्हणायचे, "तू काचेकडे बघ." बाबांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदाच विचारलं, "हा पायरी वेळेवर सांगतो का?" मी म्हटलं, "सांगतो." बाबा म्हणाले, "मग हरकत नाही." एवढ्यावर लग्न ठरलं.

सकाळी आम्ही आरसा गाडीत चढवला, दोन्ही बाजूंना घोंगड्या लावल्या, पट्टे आवळले. खांब गाडी चालवत होता. शाळेच्या कोपऱ्यावर त्यानं सवयीनं मागच्या रस्त्याचा दिवा दाखवला, कारण परत आल्यापासून माझ्यासाठी तोही वळसाच घेत होता.

"सरळ," मी म्हटलं.

त्यानं दिवा बंद केला. बेकरीच्या बाहेर नवीन पाटी लागली होती. घड्याळवाल्या म्हाताऱ्यानं खुर्ची बदलली होती. मी दोन्हीकडे नीट बघून घेतलं.

क्लास पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, मध्ये एक वळण, वळणावर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि वरच्या टप्प्याच्या शेवटी सरळ क्लासचं दार. हा जिना आम्हाला पाठ होता, पण पाठ असलेल्या जिन्यावरच माणसं पडतात असं बाबा म्हणायचे, त्यामुळे शब्द गाळायचे नाहीत.

मी वरचं टोक धरलं, त्यानं खालचं. आरशाची पाठ रंगवलेली असते, आरपार काही दिसत नाही. पण कडेवरून मला त्याचं तोंड दिसत होतं.

"पायरी," तो म्हणाला. मी पाऊल मागे टाकलं. "पायरी." आणखी एक. त्याचा आवाज होता तसाच होता, सपाट आणि वेळेवर. माझी पावलं आपोआप पडत होती. वळणावर आम्ही आरसा उभा फिरवला, कोपऱ्यातून काढला, आणि वरचा टप्पा चढायला लागलो.

"पायरी. पायरी."

मग काहीच नाही.

पाऊल उचलून मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण इतक्या वर्षांची सवय. माझं शरीर त्याच्या आवाजाच्या तालावर चाललेलं, आवाज थांबला तरी पाय थांबला नाही. टाच पायरीच्या कडेवर आदळली, तोल गेला, आरशाचं वरचं टोक माझ्या हातून बोटभर निसटलं आणि सगळं वजन दाणकन खाली त्याच्या छातीवर गेलं. मी गुडघा भिंतीला लावला, कठडा कोपरानं अडवला आणि टोक परत धरलं. खांबानं खालून पेललं. आरसा वाचला. माझं कोपर सोलवटलं.

"खाली घे," मी म्हटलं. "वळणावर. सावकाश."

आम्ही आरसा परत वळणापर्यंत उतरवला, घोंगडी अंथरून भिंतीला टेकवला. तो माझ्या कोपराकडे बघत होता.

"बोलायचा थांबलास का?"

त्यानं आरशाखालची घोंगडी पायानं सारखी केली.

"खांब, काय दिसलं तुला?"

"ती," तो हळू म्हणाला. "दार उघडून बाहेर आली. तुझ्या मागेच उभी होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि तो कण मला दिसला. वर्षभर हात उजेडात फिरवत होते, आणि तो इथे, जिन्याच्या वळणावर, लख्ख दिसला. मी खालच्या पायरीवर बसले. मला रडूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, एकदमच.

"ऐक," मी म्हटलं. "एकदाच सांगणार आहे. तुझ्या बहिणीला वाटतं मला त्या बाईचा राग आहे. माझ्या आईलाही तेच वाटतं. मलाही तेच वाटत होतं. पण ते नाही. माणसाचं मन फिरतं, मी काही दुधखुळी नाही. मी उलटी चालत होते, खांब. तुझ्या भरवशावर. मागचं मला दिसत नव्हतं कारण बघायचं काम तुझं होतं. तुला सगळं दिसत होतं. आणि तू मूग गिळून उभा राहिलास आणि मी आपली पाऊल टाकत राहिले. लोकांना सांगत राहिले, आमचा माणूस किती चोख आहे. तू म्हणाला असतास ना, की माझं मन तिकडे ओढलं जातंय, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. भांडी फेकली असती. कदाचित मीच तुझी बॅग भरून दिली असती. पण पडले नसते. पडणं वेगळं."

तो भिंतीला टेकला.

"हो," तो म्हणाला.

"हो काय?"

"मला दिसत होतं आणि मी बोललो नाही." त्यानं मोजे काढले, परत घातले. "तुला वाईट वाटेल हे खोटं होतं. मला भीती वाटत होती. बोललो असतो तर तेव्हाच काय ते ठरवावं लागलं असतं. मला ठरवायचं नव्हतं. दोन्हीकडे राहायचं होतं."

इतकं तो आमच्या लग्नातही बोलला नव्हता. आणि त्यातलं एक अक्षरही त्याच्या फायद्याचं नव्हतं, हे मला कळलं. वरून पावलांचा आवाज आला. ती अजून तिथेच होती, सगळं ऐकत असणार. असू दे म्हटलं.

मी उठले, कोपर रुमालानं बांधलं. "चल, उचल. आणि आता जे दिसेल ते सांग. दिसल्याबरोबर. माझी काळजी करू नकोस, माझी मी समर्थ आहे."

आम्ही आरसा उचलला.

"पायरी," तो म्हणाला. "पायरी. ती अजून दारात उभी आहे. पायरी. पायरी. ती रडतेय असं वाटतं. पायरी. ती बाजूला झाली. उंबरा."

मी उंबऱ्यावरून पाऊल मागे टाकलं आणि क्लासमध्ये शिरले.

ती बाई माझ्या आठवणीत होती त्यापेक्षा बुटकी निघाली. गुडघ्याला पट्टा बांधलेला, भांगात पांढरे केस, अंगावर साधा ढगळ सदरा. वर्षभर मी जिला मनात उभी करून भांडत होते ती हिच्यापेक्षा बरीच देखणी होती. ती काहीतरी म्हणायला पुढे आली, मी म्हटलं, "आधी काम." मग आम्ही काम केलं. तडकलेल्या आरशावर चिकटपट्ट्यांचं जाळं मारलं, म्हणजे तुकडे सुटणार नाहीत, क्लिपा सोडवल्या, तो उतरवून बाजूला ठेवला. भिंत पुसली. नवा आरसा चढवला, शेजारच्या दोन्हींशी कड जुळवली. क्लिपा मी आवळल्या. खांब पाना हातात घ्यायला आला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो मागे सरला.

आरसा पुसताना त्यात आम्ही तिघंही दिसत होतो. तो दाराशी, ती खिडकीशी, आणि पुढे मी, हातात फडकं. मला वाटलं होतं हे बघून मला काहीतरी भयंकर होईल. झालं एवढंच, की एका कोपऱ्यात डाग राहिला होता तो मला दिसला आणि मी तो पुसला.

"ताई," ती म्हणाली, "मला तुमची माफी मागायची होती. किती दिवस..."

"आज नको," मी म्हटलं. "आज मी एकाचंच प्रकरण काढलंय. तुमचं पुढे कधीतरी बघू. क्लिपा महिनाभर तरी हलणार नाहीत, एखादी हललीच तर दुकानात फोन करा. मी येईन."

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायची जबाबदारी माझी नव्हती.

आता उतरणं. तडकलेला आरसा खाली न्यायचा होता. नियमाप्रमाणे खांब खाली, उलटा, आणि मी वर. बघायचं काम माझं.

"उंबरा," मी म्हटलं. "पायरी. पायरी."

त्याचं पाऊल माझ्या शब्दाबरोबर मागे जात होतं. चिकटपट्ट्यांच्या वरून त्याचा चेहरा दिसत होता, कपाळावर घाम. त्याच्या मागे जिना खाली घसरत गेलेला, त्यातलं त्याला काही दिसत नव्हतं. मला पायरी न् पायरी दिसत होती. आणि वळणाच्या जरा आधी, जिथे माझी टाच आदळली होती तिथेच, माझ्या मनात आलं: एक शब्द गाळला तर? मला काही करायचं नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं. हा खाली जाईल, तडकलेली काच ह्याच्या अंगावर, आणि ह्याला कळेल पडणं म्हणजे काय. उद्या कुणी विचारलं तर मी म्हणेन, विसरले.

मी गप्प राहिले.

खांबानं पाऊल मागे उचललेलं होतं. ते त्यानं टाकलं नाही. एका पायावर उभा राहिला, सगळं वजन हातात घेऊन. मी मुद्दाम गप्प आहे हे त्याला कळलं, त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. त्यानं मागे वळून बघितलं नाही. घाई कर म्हणाला नाही. नुसता माझ्याकडे बघत थांबला. त्याचा पाय हवेत थरथरत होता. तिथे त्याचं काय करायचं ते सर्वस्वी माझ्या हातात होतं, वर्षभर मला हवं होतं तसं. आणि ते हातात आल्यावर मला कळलं की मला ते नको आहे. माझा राग संपला होता. कधी संपला कोण जाणे, पण हात घालून बघितलं तर जागा रिकामी.

"पायरी," मी म्हटलं.

त्यानं पाऊल टाकलं. त्याच्या तोंडून श्वास सुटला. मग मी एकही शब्द गाळला नाही, अगदी रस्त्यापर्यंत.

गाडीत आरसा ठेवून पट्टे आवळल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"बोल की," मी म्हटलं. "काय दिसतंय?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तू नाही म्हणणार आहेस," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माफ नाही केलंस."

"केलं. आत्ताच, वळणावर. तुला कळलं नाही?"

"कळलं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. माझेही भरले. "मग घरी का नको?"

"कारण माफ केल्यावर मी माझ्या मनात बघितलं, तिथे राग नाही, आणि तुझी वाट बघणंही नाही. दोन्ही एकदमच गेलं. मला वाटलं होतं राग गेला की खाली जुनं काहीतरी सापडेल. नाही सापडलं. तुला खोटं सांगून घरी घेतलं, तर मग माझ्यात आणि तुझ्यात काय फरक? मला जे दिसतंय ते मी सांगितलं. दिसल्याबरोबर."

त्यानं मान डोलावली. गाडीला टेकला, मग टेकायचं सोडून सरळ उभा राहिला. "आणि काम?"

"उद्या शाळेच्या खिडक्या आहेत. वेळेवर ये. लेकीशी तुझं तू बोल, ते माझं काम नाही. तिलाही जे खरं आहे ते सांग."

"ताईला काय सांगू?"

"सांग, भावासाठी खोली बघायला लागा. त्यांना काम मिळालं की माझी सुटका." तो हसला, रडत रडत. बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना बघितलं, आणि मला बरं वाटलं, जसं कुठल्याही ओळखीच्या माणसाला हसताना बघून वाटतं.

"बस गाडीत," तो म्हणाला. "दुकानात सोडतो."

"तू जा पुढे. मी चालत येते."

गाडी कोपऱ्यावर वळली तशी मी डोळे पुसले, रुमाल कोपराला परत घट्ट बांधला आणि त्या रस्त्यानं चालायला लागले. घड्याळवाल्या म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघून हात केला. मी बेकरीत शिरले. लेकीला आवडतो तो तिळाचा पाव कपाटात वरच्या फळीवर होता, मी दोन मागितले.

"किती दिवसांनी," बेकरीवाली म्हणाली. "मला वाटलं गाव सोडून गेलात. होतात कुठे?"

"इथेच होते. मागच्या रस्त्यानं जात होते, शाळेवरून."

"अहो, पण ते केवढं लांब पडतं."

"हो ना," मी म्हटलं. "फारच लांब पडतं."